परवानगी मिळणेबाबत

अण्णा, म्हणजे माझे वडील, हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत चित्रकला शिकवत. खेड्यातल्या शाळेत चित्रकलेच्या मास्तराला जेवढं काम असतं तेवढंच त्यांना होतं. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूंनी पुढाऱ्यांचे चेहरे काढायचे, भिंतींवर सुविचार लिहायचे आणि गणिताचे मास्तर रजेवर गेले की त्यांचा वर्ग गप्प बसवायचा. एवढ्यानं माणसाचा जीव भरत नाही. एकदा ते कसल्याशा प्रशिक्षणाला औरंगाबादला गेले, जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या सभागृहातलं बोन्सायचं प्रदर्शन बघून आले, आणि घरी परतले ते वेगळेच होऊन. प्रशिक्षण कशाचं होतं हे त्यांना पुढं कधीच आठवलं नाही. पण ताटाएवढ्या कुंडीत उभा असलेला, पारंब्या सोडलेला, चाळीस वर्षांचा वड कसा होता हे ते आल्यागेल्याला हातवारे करून सांगत. माझी माय हातातलं काम न थांबवता म्हणायची, "चाळीस वर्सं खाऊन-पिऊन इतकुसाच राहिला म्हणता, आन् त्याचं कवतिक?"

अण्णांनी कुठूनसं एक पुस्तक मिळवलं. त्यात लिहिलं होतं की जपानात जाणकार लोक डोंगरांवर हिंडतात, वाऱ्यानं आणि बर्फानं पिळवटलेली, वयानं म्हातारी पण उंचीनं खुजी झाडं शोधतात आणि मुळासकट काढून कुंडीत वाढवतात. नर्सरीतल्या रोपाला तार गुंडाळून जे वीस वर्षांत येत नाही ते या रानझाडाच्या अंगावर आधीच आलेलं असतं. आमच्याकडं बर्फ नव्हता. डोंगर म्हणावेत असे डोंगरही नव्हते. पण शेळ्या मात्र उदंड होत्या. माळावर उगवलेलं झाड शेळीच्या तोंडाला लागलं की तिथंच थांबायचं. वर्षानुवर्षं खुडून खुडून त्याचा बुंधा मांडीएवढा व्हायचा आणि उंची गुडघ्याएवढीच राहायची. हे ध्यानात आलं त्या दिवशी अण्णा सायकलवरून उतरता उतरता ओरडले, "अगं, बर्फ जे करतो तेच आपली शेळी करते!" माय म्हणाली, "मंग जपानला कळवा."

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं अंगण. दुपारी ऊन तापलं की पत्रे ताडताड वाजायचे आणि रस्त्यावरून जीपवाल्यांची हाळी यायची, "सेनगाव, सेनगाव, हिंगोलीऽ!" अंगणात पूर्वी मायची मेथी-कोथिंबीर असायची. तिथं आता विटांवर फळ्या आणि फळ्यांवर अण्णांनी घमेल्यात सिमेंट ओतून केलेल्या उथळ कुंड्या आल्या. त्यांत बोरं, हिवरं, पिंपळ, उंबरं आपापल्या वाकड्या अंगानं उभी असत. झाडांना पाणी घालणं माझ्याकडं होतं, आणि तेही कसं, तर पिचकारीनं, पानांवर, पहाटेच्या दवासारखं. माय चुलीपुढून बघत असायची. अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी देता देता म्हणायची, "माज्या मेथीला कुनी कधी असं दव पाडलं न्हाई." एकदा शेजाऱ्यांची शेळी फाटकातून आत आली आणि तिनं अण्णांचं सगळ्यात लाडकं बोर बुडापर्यंत खाल्लं. अण्णा डोक्याला हात लावून बसले. माय त्यांच्या ताटात येसराची गरम आमटी वाढत म्हणाली, "रडता काहून? तिनंच केलं व्हतं, तिनंच पुरं केलं."

अण्णांचा एक नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. विचारल्याशिवाय झाड काढायचं नाही. झाड कुणाच्या बांधावर असो, पडक्या भिंतीत असो की देवळाच्या पायरीत, आधी मालक शोधायचा आणि त्याला अर्ज द्यायचा, तोही लेखी. माझं अक्षर टपोरं होतं म्हणून अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. 'विषय: आपल्या जागेतील उंबराचे रोप मुळासह नेण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...' बारावीपर्यंत मी असे इतके अर्ज लिहिले की मराठीच्या पेपरात अर्जलेखनाला मला कधी मार्क कमी पडले नाहीत. मी लिहायची, त्यांच्यापुढं गठ्ठा ठेवायची, आणि अण्णा न वाचता सह्या करत जायचे. सही मात्र बघण्यासारखी असायची, शेवटच्या अक्षरातून एक डहाळी फुटायची आणि तिला दोन पानं यायची.

अर्ज घेऊन गेलेल्या अण्णांकडं लोक आधी संशयानं बघत, मग दयेनं. पडक्या विहिरीतलं उंबर मागितलं तेव्हा मालक म्हातारा म्हणाला, "मास्तर, विहीर बी घेऊन जा." नरसीच्या रस्त्यावर एका हॉटेलवाल्याच्या मोरीत पिंपळ उगवला होता. त्याला मारायला तो माणूस रोज उकळतं पाणी ओतायचा, पिंपळ रोज नवं पान काढायचा. अण्णांनी त्याच्यापुढं अर्ज धरला. तो म्हणाला, "परवानगी कसली मागून राहिले? न्या आन् मला सोडवा." अण्णा म्हणाले, "तसं नाही, सही लागेल." त्यानं चहाच्या ओल्या हातानं सही केली आणि आम्हाला दोन भजी जास्त दिली, वेड्या माणसाला देतात तशी. गावात अण्णांचं नाव 'परवानगी मास्तर' पडलं. त्यांना त्याचा अभिमान होता. रात्रीच्या जेवणाला ते मला सांगत, "शकू, विचारून घेतलेली वस्तू घरात सुखानं नांदते." तोवर त्यांना एकानंही नकार दिला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

(परवा माझ्या भाचीनं फोनवर दाखवलं. आता असली रानझाडं घरबसल्या मागवता येतात. खोक्यात नीट बांधून येतात, सोबत पाणी किती घालायचं याचा कागद असतो. ते कुणाच्या माळावरून उचललं हे त्या कागदावर नसतं. मी विचारलं तर भाची म्हणाली, "मावशी, ते कोण विचारतं?" मी म्हटलं, आमच्या घरी एक माणूस विचारायचा, आणि त्यापायी आमचे जे हाल झाले ते ऐकशील तर तूही विचारणार नाहीस.)

तर, ती चिंच. साखरा गावाच्या अलीकडं एक लहानशी वाडी आहे, तिच्या मागं लांबलचक मुरमाड माळ. एका रविवारी अण्णांना तिथं ती दिसली. माझ्या कमरेलाही न लागणारी, पण बुंधा दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम यावा असा. सालीला म्हाताऱ्या बैलाच्या मानेसारख्या वळ्या पडलेल्या, आणि वर शेळ्यांनी कातरलेला हिरवागार, दाट, छत्रीसारखा घेर. अण्णा तिच्याभोवती तीनदा फिरले. मग चप्पल काढून चौथ्यांदा फिरले. सायकलवर मागं बसता बसताच मला कळलं की आता अर्ज लिहायचा आहे.

माळ गायरान होता, म्हणजे गावाचा. अर्ज ग्रामपंचायतीला गेला. सरपंचांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "मास्तर, या माळाचा मुरूम टिप्परं भरभरून जाते, त्याला कुनी इचारत न्हाई. आन् तुमी एका खुंटाला अर्ज देऊन राहिले?" पण अर्ज आला म्हणजे ठप्पा मारणं आलं. 'परवानगी देण्यात येत आहे' असा लाल शाईचा शेरा आणि खाली गोल शिक्का घेऊन अण्णा घरी आले. त्या रात्री त्यांनी तो कागद उशाखाली ठेवला, असं माय सांगते. ती अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

पुस्तकात म्हटलं होतं की एवढं मोठं झाड एका दमात उपटायचं नसतं. या वर्षी अर्ध्या बाजूची मुळं तोडून चर मातीनं भरायचा, पुढच्या वर्षी उरलेली अर्धी. शिमग्याच्या आधी, चिंचेला नवी पालवी फुटायच्या आत, आम्ही पहार, कुदळ आणि गोणपाट घेऊन माळावर गेलो. हातभर चर झाला असेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय खंदून राहिले हो?"

बाई पन्नाशीची, उंच, खांद्यावर घोंगडी आणि हातात फांद्या ओढायची लांब आकडी. मागं तीसेक शेळ्या आणि एक दाढीवाला बोकड. ती कौसाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा बायकोला घेऊन पुण्याकडं कामाला गेलेला, आणि ती दिवसभर या माळावर. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी अण्णांनी खिशातून कागद काढला आणि विनयानं तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटासुलटा केला आणि ठप्प्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कोनाचा?"

"ग्रामपंचायतीचा. परवानगी आहे बाई, रीतसर."

"पंचायत कवा आली व्हती हितं? चिंच कोनी राखली?"

"राखली म्हणजे?"

"माज्या शेरडाइनं राखली. त्याच्या आधी माज्या सासूच्या शेरडाइनं. शेरडं नसती तर कवाच आभाळाला लागली असती. मंग तुमी आले असते का हिच्यापाशी?"

अण्णा कुदळ टाकून तिथंच मातीत बसले. ते चित्रकार होते. दुसऱ्याचं चित्र चित्रकाराला न विचारता भिंतीवरून काढून आणावं आणि परवानगी भिंतीच्या मालकाची घ्यावी, तसं काहीतरी आपण करत होतो, हे त्यांना लख्ख कळलं असावं. ते उठले, हात झटकले, जोडले. "बाई, माझं चुकलं. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो. ही चिंच मी नेऊ का?" आणि चेहऱ्यावर ते हसू आणून थांबले, जे मी शंभरदा पाहिलं होतं. पुढचं उत्तर माहीत असलेल्या माणसाचं.

"न्हाई," कौसाबाई म्हणाली.

अण्णांना वाटलं, वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. "म्हणजे, आत्ता नको?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

"पण का?"

"काहून काय. न्हाई." मग शेजारच्या तीन दगडांच्या चुलीकडं आकडी करून म्हणाली, "बसा. च्या करते."

शेळीच्या दुधाचा, गुळाचा, धुराचा वास असलेला तो चहा आम्ही प्यालो. नंतर अण्णांनी स्वतःच्या हातानं चर बुजवला, पायानं माती दाबली आणि लेकराला पांघरूण घालावं तसं वर गवत पसरलं. घरी मायला सांगितलं तेव्हा तिनं आधी विश्वास ठेवला नाही. "न्हाई म्हनली? तोंडावर? कारन बी दिलं न्हाई?" मग ती इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. बोन्साय या विषयात तिनं त्या दिवसापासून रस घेतला. दर रविवारी तीच आम्हाला धपाटे बांधून द्यायची आणि म्हणायची, "जा, इचारून या."

कारण अण्णा दर रविवारी जाऊ लागले. नकार कसा घ्यायचा हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटे, आपल्या विचारण्यातच काही खोट असणार. एकदा त्यांनी शेळ्यांना जंताचं औषध नेलं. तिनं घेतलं आणि न्हाई म्हणाली. एकदा त्यांनी तिच्या बोकडाचं कोळशानं चित्र काढलं, दोन तास बसून. तिनं बराच वेळ ते बघितलं आणि म्हणाली, "शिंगं चुकली." निघताना अण्णा विचारत, "मग, नेऊ का?" ती म्हणे, "न्हाई." हळूहळू तो दोघांमधला रामराम झाला. चुकून एका रविवारी अण्णा विचारायला विसरले, तर तिनंच मागून हाक मारली, "मास्तर, आज इचारलं न्हाई?"

मला तो माळ आवडायला लागला. कौसाबाई मला कुठल्या महिन्यात शेळी कुठला पाला खाते, कुठल्यानं तिचं पोट फुगतं, व्यायला झालेली शेळी कशी ओळखायची हे सांगे, आणि अण्णा तिकडं चिंचेचं चित्र काढत बसत. बारावी झाली की मला परभणीला शेतकीच्या कॉलेजात जायचं होतं. हे घरात मी कुणाला बोलले नव्हते. पहिल्यांदा तिला बोलले. ती म्हणाली, "शेरडाइचं बी शिकवत्यात का तितं?" मी म्हटलं, शिकवतात. "मंग जा की," ती म्हणाली, जणू परभणी त्या पलीकडच्या टेकाडामागंच होती.

दिवाळीच्या सुमारास नांदेडचे एक गृहस्थ अण्णांची झाडं बघायला आले. बोन्सायवाले, चांगले जाणकार. अण्णांनी त्यांना चिंच दाखवली आणि सगळी हकीगत सांगितली. ते म्हणाले, "मास्तर, पंचायतीचा कागद आहे ना तुमच्याकडे? मग ती बाई कोण? कायद्यानं तिचा काय संबंध?" हा प्रश्न अण्णांना दोन आठवडे चावत राहिला. एका रविवारी त्यांनी सायकलला पहार बांधली, करवतीला धार लावून ती गोणपाटात गुंडाळली, शिक्क्याचा कागद खिशात घातला. माय दारात उभी होती, पण तिनं धपाटे दिले नाहीत. माळावर पोचलो तर कौसाबाई नव्हती. कुणा नात्यातल्या लग्नाला गेली होती. एक शेळी नाही, एक माणूस नाही, समोर चिंच. अण्णा तिच्याजवळ बसले. तासभर बसले. मी शेवटी विचारलं, "खणायचं का?" त्यांनी कागद काढला, बघितला, घडी घालून परत ठेवला. "नको," ते म्हणाले, "ती आल्यावर विचारू."

माझे वडील मला आयुष्यात इतके मोठे कधी वाटले नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण त्याच आठवड्यात त्यांनी माझं लग्न ठरवलं.

मला ते पिठाच्या गिरणीवर कळलं. दळणाच्या रांगेत पुढं उभी असलेली बाई मागं वळून म्हणाली, "शकू, तुजं जमलं म्हने हिंगोलीत. लेकरू बँकेत हाय. नशीब काढलंस." गिरणीच्या घरघरीत मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव असेल. गरम पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मी घरी आले तेव्हा अण्णा अंगणात झाडांवर पिचकारी मारत होते. मी विचारलं. ते म्हणाले, हो, परवाच बोलणं झालं, घर फार चांगलं आहे, पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची. मी म्हटलं, मला विचारलं नाही. अण्णा खरोखर चकित झाले. "तुला काय विचारायचं त्यात? मी काय तुझं वाईट करीन?" आणि उंबराच्या पानाखालची कीड बघायला वाकले. आत माय पीठ चाळत होती. ती चाळणीकडं बघतच म्हणाली, "मला बी सुपारी फुटल्यावरच कळलं व्हतं. तुज्या बापाचं तोंड मी मांडवात पाहिलं."

(इथं हुशार वाचक म्हणेल, बघा, पोरगीही कुंडीतलं झाडच. एका संमेलनात एका बाईंनी मला हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. तसं काही नाही. मी पाच फूट सहा इंच आहे, मला कुणी खुडलं नाही, मायनं दूध-दही खाऊ घालून वाढवलं. मला फक्त विचारलं नव्हतं.)

रडायला मला येत होतं, पण रडून आमच्या घरात काही बदलल्याचं मी पाहिलं नव्हतं. बदलायचं ते अर्जानं. त्या आठवड्यात तीन अर्ज लिहायचे होते, दोन बांधावरच्या बोरांचे आणि एक देवळामागच्या पिंपरीच्या रोपाचा. मी चार लिहिले. चौथा असा:

'प्रति, कु. शकुंतला, मु. पो. गोरेगाव. विषय: आपले लग्न हिंगोली येथे ठरविण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपले लग्न आम्ही परस्पर ठरविले असून त्यास आपली संमती घेण्याचे राहून गेले आहे. तरी परवानगी द्यावी, ही विनंती. आपला विश्वासू,'

अण्णांनी चारही अर्जांवर सह्या केल्या, न वाचता, डहाळीसकट. मी चौथा बाजूला काढला, लाल शाईनं डाव्या कोपऱ्यात शेरा मारला, 'परवानगी नाकारण्यात येत आहे', आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. पाण्याचा तांब्या मायनं ठेवला.

अण्णांनी वाचलं. परत वाचलं. मग सहीवर बोट ठेवून म्हणाले, "सही माझीच आहे."

"हो."

"मी वाचलं नव्हतं."

"तुमी कवा वाचता?" माय म्हणाली.

त्यांनी कागद दिव्याजवळ नेला, जणू शेऱ्यात आणखी काही दडलं असेल. "नाकारण्याचं कारण लिहिलेलं नाही."

मी पाठ केलं होतं. परभणी, कॉलेज, दहावीचे मार्क, मुलींनी शिकावं म्हणून शाळेच्या भिंतीवर त्यांनीच रंगवलेला सुविचार. त्यातलं एक अक्षर तोंडातून आलं नाही. आलं ते हे, "कारन काय. न्हाई म्हंजे न्हाई." घरात आम्हाला शुद्ध बोलायची सक्ती होती. अण्णांनी झटकन वर बघितलं. तो आवाज कुठून आला हे त्यांनी ओळखलं, आणि मला वाटतं, त्या घटकेला त्यांना माझा राग आला नाही, माळाचा आला.

पुढचे चार दिवस घरात पिचकारीचाच काय तो आवाज. रविवारी त्यांनी सायकल काढली आणि मला खुणेनं मागं बस म्हटलं. अर्ध्या वाटेत मान न वळवता म्हणाले, "मुलगा सुशील आहे. परत एकदा विचारू का?" मी म्हटलं, विचारा. "करतेस?" मी म्हटलं, न्हाई. सायकल जराशी डगमगली, मग नीट चालली. त्या दिवशी माळावर त्यांनी कौसाबाईला चिंचेचं विचारलं नाही. तिनं आठवण केली तेव्हा म्हणाले, "या आठवड्यात एक नकार झाला. पुरे."

मंगळवारी ते इस्त्रीचा सदरा घालून जीपनं हिंगोलीला गेले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले आणि जेवले. तिथं काय झालं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. मायला ते तिच्या हिंगोलीतल्या चुलतबहिणीकडून कळलं. मुलाच्या वडिलांनी कारण विचारलं. अण्णा म्हणाले, "मुलीनं परवानगी दिली नाही." ते गृहस्थ हसले आणि आतून भावाला, मेहुण्याला, बायकांना हाका मारून बाहेर बोलावलं. सगळे जमल्यावर म्हणाले, "मास्तर, आता पुन्हा सांगा, काय झालं?" आणि अण्णांनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, हात जोडून. त्यानंतर कितीतरी वर्षं लग्नाकार्यात लोक त्यांना अडवून विचारत, "मास्तर, जेवायला बसायची घरून परवानगी हाय ना?" अण्णा हसून म्हणत, "आहे, आहे."

न्यायासाठी हेही सांगायला हवं की तो हिंगोलीचा मुलगा पुढं फार चांगला निघाला. बायकोला त्यानं लग्नानंतर शिकवलं, मुली डॉक्टर केल्या. आणि ज्यांनी मला परभणीच्या कॉलेजात समोर उभं राहून, घाम पुसत, रीतसर विचारलं आणि ज्यांना मी विचार करून हो म्हटलं, ते माझे पती गेली पस्तीस वर्षं मला न विचारता पंख्याचा वेग वाढवतात. परवानगीनं संसार सुखाचा होतोच असं नाही. पण पंख्यावरून भांडताना मनात दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही, एवढं मात्र खरं.

मी परभणीला गेले. अण्णा आणखी दोन वर्षं माळावर जात राहिले, मग त्यांची बदली वसमतकडं झाली. सामान हलवताना बरीच झाडं गेली, उरलेली नव्या जागेच्या खाऱ्या पाण्यानं गेली. मायनं रिकाम्या कुंड्यांत मेथी पेरली. उथळ कुंड्यांत ती छान येते. चिंच अण्णांना मिळाली नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या कपाटात तिची तीसेक चित्रं निघाली आणि तो शिक्क्याचा कागद, घड्यांवर फाटलेला.

पुढं मी शेतीखात्यात नोकरीला लागले आणि फिरत फिरत सगळा जिल्हा पाहिला, पण त्या वाडीत जायचा योग निवृत्तीनंतर आला. कौसाबाई नातवाच्या घरापुढं बाजेवर बसली होती. डोळे गेलेले, पण माझा आवाज तिनं दोन वाक्यांत ओळखला. शेळ्या कधीच्या विकल्या होत्या. त्या गेल्यावर चिंच वाढली, बघता बघता एवढी झाली की आता दुधाची गाडी तिच्या सावलीत थांबते. अण्णा गेल्याचं मी सांगितलं. तिनं बराच वेळ माझा हात हातात धरून ठेवला.

मग मी विचारलंच. आयुष्यभर मी तिचा तो नकार गावोगावच्या बायकांच्या मेळाव्यात सांगत आले होते. शेळ्या राखणारी एकटी बाई, समोर शिकलेला मास्तर, हातात सरकारी शिक्का, आणि तिनं कसं ताठ मानेनं नाही म्हटलं. टाळ्या हमखास पडायच्या. "कौसाबाई," मी म्हटलं, "तवा चिंच नेऊ काहून दिली न्हाई?"

ती आधी हसली, मग जरा ओशाळली. "आता काय लपवू. झाडाचं मला काय करायचं व्हतं? काट्याकुट्याचा माळ, ती न्हाई तर दुसरी. पैल्या दिशी राग आला व्हता, खरं हाय. कागद दाखवला म्हून. पर दुसऱ्या आयतवारी तुमी फिरून आले. तिसऱ्या आयतवारी बी आले. तू शेजारी बसून इचारायचीस, ह्यो पाला कोनता, त्यो कोनता. घरी मला कोन इचारत व्हतं? मी आपली आयतवार मोजू लागले. व्हय म्हनले असते, तर मास्तर येकाच दिसात झाड घेऊन गेले असते. मंग कोन आलं असतं माळावर?"

तिची नातसून चहा घेऊन आली. कौसाबाईनं कप चाचपून माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, परभणीला शेरडांचं खरंच शिकवलं का, आणि काय शिकवलं. मी सांगायला लागले. मला परत न्यायची दुपारची जीप घरापुढं येऊन थांबली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मी बसल्या जागेवरूनच त्याला हातानं जा म्हटलं.